रॅकमधल्या सर्व्हरची मेमरी कशी वाढवावी

सर्व्हरची मेमरी वाढवण्याच्या कामात मॉड्यूल, म्हणजे मेमरीच्या चिपा असलेली पट्टी, प्रत्यक्ष बसवायला फारसा वेळ लागत नाही, आणि बसवताना काही चुकलेच तर सर्व्हर चालू होतानाच ते बहुधा कळते. निवडीतली चूक मात्र अशी कळत नाही. क्षमता वाढलेली दिसते, सेवा सुरू होतात, सगळे सुरळीत वाटते, आणि तरीही मेमरीचा एकूण वेग पूर्वीपेक्षा कमी झालेला असू शकतो. म्हणून कोणते मॉड्यूल घ्यायचे, किती घ्यायचे आणि ते कोणत्या स्लॉटमध्ये बसवायचे, हे सर्व्हरचे झाकण उघडण्यापूर्वी कागदावर ठरलेले असले पाहिजे.

वाढ खरोखर हवी आहे का, हेही आधी पाहून घ्यावे. लिनक्सवर ‘फ्री’ ही आज्ञा दिल्यावर मोकळी मेमरी अगदी थोडी दिसते. पण त्यावरून टंचाई सिद्ध होत नाही, कारण वापरात नसलेली मेमरी लिनक्स फाइलींच्या कॅशसाठी वापरते आणि गरज पडताच मोकळी करून देते. ‘अव्हेलेबल’ या रकान्यातला आकडा पाहावा, आणि ‘व्हीएमस्टॅट’च्या ‘एसआय’ व ‘एसओ’ या रकान्यांत गर्दीच्या वेळी सतत आकडे येत आहेत का, म्हणजे स्वॅपची (मेमरी अपुरी पडल्यावर वापरल्या जाणाऱ्या डिस्कवरच्या जागेची) ये-जा चालू आहे का, यावर काही दिवस लक्ष ठेवावे. ती चालू असेल तर मेमरी वाढवण्याला पर्याय नाही.

आधी काय बसवलेले आहे ते पाहणे

लिनक्सवर ‘डीएमआयडीकोड’ला मेमरीचा प्रकार सांगून चालवले, की प्रत्येक स्लॉटचे नाव, त्यातील मॉड्यूलची क्षमता, रँक (एकत्र काम करणाऱ्या चिपांचा संच), उत्पादकाचा पार्ट क्रमांक, मॉड्यूलचा मूळ वेग आणि ते सध्या ज्या वेगावर चालत आहे तो वेग, अशी सगळी माहिती मिळते. विंडोज सर्व्हरवर हेच काम पॉवरशेलमधून होते. डेलचे आयड्रॅक, एचपीईचे आयएलओ, लेनोवोचे एक्सक्लॅरिटी कंट्रोलर यांसारख्या व्यवस्थापन नियंत्रकाच्या (सर्व्हरवर दुरून देखरेख करू देणाऱ्या वेगळ्या चिपच्या) पानावरही ही यादी असते आणि ती सर्व्हर बंद न करता पाहता येते. ही यादी जशीच्या तशी जतन करून ठेवावी, कारण काम झाल्यावर तुलना तिच्याशीच करायची आहे.

त्यानंतर मॉड्यूलवरचे लेबल वाचायला शिकावे. समजा, लेबलवर ‘३२जीबी २आरएक्स४ पीसी४-२९३३वाय-आर’ असे छापलेले आहे. यातील ‘पीसी४’ म्हणजे डीडीआर४ पिढी आणि २९३३ हा वेग, म्हणजे सेकंदाला तितके दशलक्ष वेळा माहितीची देवघेव. त्याच्या पुढचे ‘वाय’ हे अक्षर टायमिंगचा गट सांगते. ‘२आरएक्स४’ म्हणजे दोन रँक असून प्रत्येक चिप चार बिट रुंदीची आहे. चिप ८ गिगाबिटांची असेल तर एका रँकमध्ये माहितीसाठी १६ आणि त्रुटी-दुरुस्तीसाठी २, अशा १८ चिप लागतात. दोन रँकच्या मिळून मॉड्यूलवर ३६ चिप होतात. माहिती धरणाऱ्या ३२ चिपांची बेरीज बरोबर ३२ गिगाबाइट भरते. या त्रुटी-दुरुस्तीमुळेच डीडीआर४ च्या सर्व्हर मॉड्यूलचा मार्ग ६४ ऐवजी ७२ बिट रुंद असतो.

शेवटचे ‘आर’ हे अक्षर सर्वांत महत्त्वाचे आहे. ‘आर’ म्हणजे रजिस्टर्ड (आज्ञा आणि पत्ते पुढे पोचवणारी रजिस्टर नावाची चिप असलेले), ‘एल’ म्हणजे लोड-रिड्यूस्ड (माहितीच्या तारांवरही अशी मधली चिप असलेले) आणि ‘ई’ म्हणजे त्रुटी-दुरुस्ती असलेले पण रजिस्टर नसलेले मॉड्यूल. हे प्रकार एका सर्व्हरमध्ये एकत्र चालत नाहीत. डीडीआर४ मध्ये या तिन्ही प्रकारांची खाच एकाच जागी असल्याने चुकीचे मॉड्यूल स्लॉटमध्ये व्यवस्थित बसते आणि मग सर्व्हर चालूच होत नाही. म्हणून ते स्लॉटमध्ये बसते यावरून ते चालेल असे कधीही समजू नये. डीडीआर४ आणि डीडीआर५ या दोन्हींना २८८ पिना असल्या तरी खाचेची जागा वेगळी आहे. डीडीआर४ ला १.२ व्होल्ट लागतात, तर डीडीआर५ चे काम १.१ व्होल्टवर चालते आणि विजेचे नियमन मॉड्यूलवरच होते. एका पिढीचे मॉड्यूल दुसऱ्या पिढीच्या स्लॉटमध्ये कोणत्याही प्रकारे चालत नाही.

वेग जुळण्याचा प्रश्न त्यामानाने सोपा आहे. वेगवेगळ्या वेगांची मॉड्यूल एकत्र बसवली तर सगळी सर्वांत मंद मॉड्यूलच्या वेगाने चालतात, आणि प्रोसेसरची मर्यादा त्याहून कमी असेल तर त्या मर्यादेने चालतात. त्यामुळे ३२०० चे मॉड्यूल २९३३ च्या सर्व्हरमध्ये बहुधा चालते, पण जास्तीचा वेग मिळत नाही.

चॅनलचा समतोल

मेमरीचा नियंत्रक प्रोसेसरच्या आतच असतो आणि त्यातून मेमरीकडे जाणारी चॅनल ठरावीक असतात. इंटेलच्या झिऑन स्केलेबल मालिकेतील पहिल्या दोन पिढ्यांत प्रत्येक प्रोसेसरला सहा चॅनल आहेत, २०२१ मध्ये आलेल्या आइस लेक पिढीपासून आठ, तर एएमडीच्या एपिक ७००० मालिकेत आठ आणि ९००४ मालिकेत बारा आहेत. २९३३ च्या वेगाने चालणारे एक चॅनल सेकंदाला सुमारे २३.५ गिगाबाइट माहिती वाहून नेते. सहाही चॅनल सारखी भरलेली असली, तर नियंत्रक पत्ते त्यांत आळीपाळीने वाटतो आणि एकूण वहनक्षमता सुमारे १४१ गिगाबाइट होते. एकाच चॅनलमध्ये जास्तीची मेमरी घातली, तर तेवढ्या जादा भागाची आळीपाळीने वाटणी होऊ शकत नाही आणि तो भाग एका चॅनलच्याच वेगाने वाचला जातो. प्रोग्रामची माहिती त्या भागात पडली की तो मंद होतो, दुसऱ्या भागात पडली की पुन्हा वेगाने चालतो. असा दोष शोधून काढणे अतिशय कठीण असते.

समजा, दोन प्रोसेसरांच्या सर्व्हरमध्ये प्रत्येकी सहा चॅनल आणि प्रत्येक चॅनलला दोन स्लॉट, असे एकूण २४ स्लॉट आहेत. त्यांपैकी बारा स्लॉटमध्ये १६ गिगाबाइटांची मॉड्यूल बसवून १९२ गिगाबाइट मेमरी दिलेली आहे आणि ती ३८४ करायची आहे. तशीच आणखी बारा मॉड्यूल घेऊन उरलेले स्लॉट भरले तर समतोल टिकतो आणि जुनी मॉड्यूलही वापरात राहतात. मात्र एका चॅनलवर दोन मॉड्यूल आल्यामुळे काही सर्व्हरांत वेग एक पायरी खाली येतो, आणि पुढे वाढवायला स्लॉट उरत नाहीत. जुनी मॉड्यूल काढून ३२ गिगाबाइटांची बारा बसवली तर वेग टिकतो, अर्धे स्लॉट मोकळे राहतात, पण खर्च जास्त येतो. तिसरा मार्ग ६४ गिगाबाइटांची तीन मॉड्यूल रिकाम्या स्लॉटमध्ये घालण्याचा. बेरीज याचीही ३८४ च येते, पण तीन मॉड्यूल दोन प्रोसेसरांत सारखी वाटताच येत नाहीत आणि चॅनलचा समतोल पूर्ण बिघडतो. कमीत कमी मॉड्यूल घेऊन बेरीज जुळवण्याचा हा मोह आवर्जून टाळावा. वर्षभरात पुन्हा वाढ लागणार असेल तर दुसरा मार्ग निवडावा, नसेल तर पहिला पुरेसा आहे.

स्लॉट कोणत्या क्रमाने भरायचे, हे सर्व्हरच्या मार्गदर्शिकेत आणि बहुतेक वेळा झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवलेल्या आकृतीत दिलेले असते. डेलच्या सर्व्हरांत पहिल्या प्रोसेसरचे स्लॉट ‘ए’ने आणि दुसऱ्याचे ‘बी’ने सुरू होतात आणि प्रत्येक चॅनलच्या पहिल्या स्लॉटचे खटके पांढरे असतात, ते सगळे आधी भरायचे असतात. इतर उत्पादकांचे क्रमांक वेगळ्या पद्धतीचे असल्याने एका सर्व्हरचा अनुभव दुसऱ्याला लावू नये. वेगवेगळ्या रँकची मॉड्यूल एका चॅनलमध्ये घालावीच लागली, तर जास्त रँकचे मॉड्यूल पहिल्या स्लॉटमध्ये बसवावे. दुसरा प्रोसेसर बसवलेलाच नसेल तर त्याच्या बाजूचे स्लॉट निरुपयोगी असतात, हेही ध्यानात ठेवावे. प्रोसेसरची स्वतःची मर्यादाही तपासावी; उदाहरणार्थ, २०१७ मध्ये आलेल्या पहिल्या पिढीच्या झिऑन स्केलेबल मालिकेतील बहुतेक प्रोसेसर प्रत्येकी ७६८ गिगाबाइटांपर्यंतच मेमरी घेतात.

बंद करण्यापूर्वी

नव्या मॉड्यूलांना जुने बायोस, म्हणजे सर्व्हर सुरू करणारे मूळ सॉफ्टवेअर, ओळखत नसण्याची शक्यता असते. म्हणून बायोस आणि व्यवस्थापन नियंत्रकाचे फर्मवेअर आधीच्या एखाद्या ठरलेल्या बंदकाळात अद्ययावत करावे, आणि त्याच वेळी जुन्या मेमरीवरच सर्व्हर एकदा पूर्ण बंद करून चालू करून पाहावा. कित्येक महिने सलग चाललेल्या सर्व्हरमध्ये मधल्या काळात केलेला एखादा बदल पुढच्या सुरुवातीलाच उघडकीस येतो. मेमरी बदलतानाच तो समोर आला तर दोष नव्या मॉड्यूलवर जातो आणि तपास भलत्याच दिशेला लागतो. या एका जादा रीस्टार्टचा कंटाळा करू नये असे मला मनापासून वाटते.

बॅकअप घेतला आहे एवढ्यावर न थांबता त्यातून एखादी फाइल परत मिळवून पाहावी. आभासी यंत्रे चालवणारा सर्व्हर असेल तर ती यंत्रे दुसऱ्या सर्व्हरवर हलवून हा सर्व्हर देखभाल स्थितीत टाकावा, पण तत्पूर्वी उरलेल्या सर्व्हरांना तेवढा भार पेलवेल का, हे पाहावे. देखरेख प्रणालीतील इशारे तेवढ्या वेळापुरते थांबवावेत आणि वापरकर्त्यांना लागणाऱ्या वेळेपेक्षा अधिक मोठी वेळ कळवावी.

रॅकपाशी

रॅकमध्ये एकसारखे दिसणारे अनेक सर्व्हर असतात आणि त्यांतला चुकीचा सर्व्हर बंद करणे ही या कामातील सर्वांत महागडी चूक आहे. व्यवस्थापन नियंत्रकातून ओळखदिवा लावावा. तो पुढे आणि मागे दोन्हीकडे लुकलुकतो. त्याच्या खुणेवरून सर्व्हर निश्चित करून लेबलवरील क्रमांक जुळवावा. सर्व्हर नेहमीच्या पद्धतीने बंद करून, दोन्ही पॉवर सप्लायच्या केबली काढाव्यात. केबल जोडलेली असेपर्यंत, सर्व्हर बंद दिसला तरी मदरबोर्डला थोडी वीज मिळतच राहते. केबली काढल्यानंतर पॉवरचे बटण एकदा दाबून धरावे, म्हणजे उरलेला विद्युतभार निघून जातो, आणि आतले सगळे दिवे विझल्याची खात्री करावी. बाकीच्या केबली काढाव्या लागत असतील तर प्रत्येकीवर खूणचिठ्ठी लावावी आणि मागच्या बाजूचे छायाचित्र घ्यावे.

सरकत्या रेलवरचा सर्व्हर रॅकमध्येच पुढे ओढून उघडता येतो. मात्र एका वेळी एकच सर्व्हर बाहेर ओढावा, नाहीतर रॅक पुढे कलंडू शकतो. स्थिर रेलवरचा सर्व्हर पूर्ण बाहेर काढावा लागतो आणि ते काम दोघांनीच करावे.

झाकण काढण्यापूर्वी मनगटाला अँटिस्टॅटिक पट्टा बांधून तो सर्व्हरच्या रंग नसलेल्या धातूच्या भागाला जोडावा. स्थिर विजेचा झटका माणसाला जाणवायला काही हजार व्होल्ट लागतात, पण चिपला त्याहून कितीतरी कमी व्होल्ट पुरतात. त्यामुळे काही जाणवले नाही म्हणून काही बिघडले नाही, असे म्हणता येत नाही. अशा धक्क्याने मॉड्यूल लगेच बंद पडेलच असे नाही, ते अर्धवट दुबळे होऊन काही महिन्यांनी त्रुटी देऊ लागू शकते.

प्रोसेसर आणि मेमरीवर हवेला दिशा देणारे प्लॅस्टिकचे आवरण असते, ते सरळ वर उचलावे. सर्व्हर नुकताच बंद केलेला असेल तर मॉड्यूल निवेपर्यंत थांबावे. मॉड्यूल काढताना दोन्ही टोकांचे खटके एकाच वेळी बाहेर ढकलावेत, म्हणजे ते आपोआप थोडे वर येते; मग कडा धरून सरळ वर काढावे आणि सोनेरी पट्ट्यांना किंवा चिपांना बोट लावू नये.

बसवण्याची कृती थोडी सविस्तर सांगतो. आधी स्लॉटचे दोन्ही खटके पूर्ण उघडावेत आणि स्लॉटमध्ये धूळ नाही हे पाहावे. मॉड्यूलवरची खाच स्लॉटमधल्या उंचवट्यासमोर आणावी. ती मध्यापासून किंचित बाजूला असते, म्हणून मॉड्यूल एकाच दिशेने बसते. ते बसत नसेल तर फिरवून पाहावे, जोर लावू नये. दोन्ही टोके खोबणीत सरळ उतरली की दोन्ही अंगठे दोन टोकांवर ठेवून सारखा दाब द्यावा. डीडीआर४ मॉड्यूलची खालची कड पूर्ण सरळ नसते. तिचा मधला भाग किंचित पुढे आलेला असतो, म्हणजे सगळ्या पिना एकदम न घुसता मधल्या आधी आणि कडेच्या नंतर घुसतात आणि लागणारा जोर कमी होतो. म्हणूनच मध्यभागी दाबल्यास मॉड्यूल बसल्यासारखे वाटते, पण टोके वरच राहतात. दोन्ही खटके आपोआप आत येऊन ‘टक्’ असा आवाज झाला पाहिजे. खटका बोटाने ढकलून बंद करावा लागत असेल तर मॉड्यूल पूर्ण बसलेले नाही. सगळी बसवून झाल्यावर बाजूने नजर टाकावी. सगळ्यांची वरची कड एका रेषेत दिसली पाहिजे.

स्लॉटमधून काढलेली कोरी, म्हणजे फक्त हवेचा प्रवाह सांभाळणारी, मॉड्यूल उरलेल्या रिकाम्या स्लॉटमध्ये परत घालावीत, आवरण जागेवर बसवावे आणि मगच झाकण लावावे. आवरणाशिवाय सर्व्हर ‘थोडा वेळ फक्त पाहण्यासाठी’ही चालू करू नये.

पहिली सुरुवात

नवीन मेमरी बसवल्यानंतर पहिल्यांदा चालू करताना नियंत्रक प्रत्येक मॉड्यूलसाठी सिग्नलचे अचूक वेळापत्रक ठरवतो. याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. या काळात पडदा काही मिनिटे कोरा राहतो, पंखे मोठ्याने फिरतात आणि सर्व्हर अडकल्यासारखा वाटतो. मेमरी जितकी जास्त तितका वेळ अधिक लागतो, आणि डीडीआर५ मध्ये हे विशेष जाणवते. घाई करून वीज तोडू नये. व्यवस्थापन नियंत्रकाच्या पानावर सुरुवातीचा टप्पा दिसत असतो, तो पाहत राहावे.

सुरुवात झाल्यावर बायोसमधील एकूण आकडा पाहावा. अपेक्षेच्या नेमकी अर्धी मेमरी दिसत असेल तर मॉड्यूल खराब आहे असे समजण्यापूर्वी मेमरी मिररिंग चालू आहे का, हे पाहावे. त्या पद्धतीत प्रत्येक माहितीची दुसरी प्रत ठेवली जात असल्याने क्षमता निम्मीच मिळते. एका मॉड्यूलएवढी मेमरी कमी असेल तर घटनांच्या नोंदीत स्लॉटचे नाव सापडते. सर्व्हर पुन्हा पूर्ण बंद करून, केबली काढून ते मॉड्यूल परत नीट बसवावे. तरीही दोष राहिला तर त्याची आणि त्याच्यासारख्याच दुसऱ्या स्लॉटमधल्या मॉड्यूलची अदलाबदल करावी. दोष मॉड्यूलबरोबर गेला तर मॉड्यूल बदलून घ्यावे. तो त्याच स्लॉटवर राहिला तर स्लॉट किंवा प्रोसेसरचे सॉकेट संशयास्पद ठरते, कारण मेमरीच्या तारा त्याच सॉकेटच्या पिनांतून जातात. सॉकेट उघडण्याचे काम मात्र ज्याला त्याची सवय आहे त्यानेच करावे.

त्यानंतर ‘मेमटेस्ट८६+’ हा मेमरी तपासणारा प्रोग्राम चालवावा आणि निदान एक फेरी पूर्ण होऊ द्यावी. शेकडो गिगाबाइट मेमरीला यात कित्येक तास जाऊ शकतात, तेव्हा बंदकाळ ठरवतानाच हे धरावे. इथे एक गोष्ट सहज निसटते. एका बिटाची चूक त्रुटी-दुरुस्ती परस्पर सुधारून टाकते, त्यामुळे चाचणीच्या पडद्यावर सगळे स्वच्छ दिसले तरी मॉड्यूल दुबळे असू शकते. म्हणून चाचणीनंतर नियंत्रकाच्या नोंदीत दुरुस्त केलेल्या त्रुटी आल्या आहेत का, हे स्वतंत्रपणे पाहावे. नव्या मॉड्यूलवर अशा नोंदी वारंवार येत असतील तर ते वापरात ठेवू नये. दोन बिट एकदम चुकले तर ती चूक बऱ्याचदा फक्त ओळखता येते, सुधारता येत नाही, आणि सर्व्हर बहुधा थांबतो.

ऑपरेटिंग सिस्टिम सुरू झाल्यावर ‘डीएमआयडीकोड’ची यादी पुन्हा काढून जुन्या यादीशी ताडून पाहावी. क्षमतेबरोबरच प्रत्येक मॉड्यूल कोणत्या वेगावर चालत आहे, ते ओळीने वाचावे. ‘न्यूमासीटीएल’च्या हार्डवेअर पर्यायाने प्रत्येक प्रोसेसरच्या वाट्याची मेमरी दिसते, हे आकडे एकमेकांच्या अगदी जवळ असले पाहिजेत. त्यांत मोठा फरक दिसला तर एखादे मॉड्यूल चुकीच्या बाजूला बसले आहे.

मेमरी वापरात आणणे

हार्डवेअर दिसू लागले म्हणजे प्रोग्राम ते वापरतीलच असे नाही. मायएसक्यूएलमध्ये इनोडीबीच्या बफर पूलचा आकार, एसक्यूएल सर्व्हरमध्ये कमाल मेमरीची मर्यादा आणि पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये शेअर्ड बफर या सेटिंग हाताने वाढवाव्या लागतात. शेवटच्यासाठी एकूण मेमरीच्या २५ टक्क्यांपासून सुरुवात करण्याचा प्रघात आहे. ह्यूज पेजची (मेमरीच्या मोठ्या आकाराच्या पानांची) संख्या ठरावीक ठेवलेली असेल तर तीही नव्याने मोजावी. जावाच्या बाबतीत सांभाळून पुढे जावे. हीप (प्रोग्रामच्या वस्तू, म्हणजे ऑब्जेक्ट, ठेवण्याची मेमरी) सुमारे ३२ गिगाबाइटांच्या पलीकडे गेला की संक्षिप्त पॉइंटरची, म्हणजे वस्तूंचे पत्ते कमी जागेत ठेवण्याची, सोय बंद होते, प्रत्येक संदर्भाला दुप्पट जागा लागते आणि ३५ गिगाबाइटांच्या हीपमध्ये ३१ गिगाबाइटांच्या हीपपेक्षाही कमी वस्तू मावण्याची वेळ येऊ शकते. क्रॅश झाल्यास मेमरीची प्रत साठवण्यासाठी राखलेली डिस्कवरची जागा नव्या क्षमतेला पुरते का, हेही याच वेळी तपासावे.

पहिले काही आठवडे त्रुटींची मोजणी चालू ठेवावी. लिनक्सवर ‘रासडीमन’ ही सेवा त्या स्लॉटनिहाय नोंदवते. काढलेली जुनी मॉड्यूल अँटिस्टॅटिक खोक्यात, ती कोणत्या सर्व्हरच्या कोणत्या स्लॉटमधून निघाली हे लिहून, नवी मेमरी स्थिरावेपर्यंत जपून ठेवावीत, आणि नव्या मॉड्यूलांचे पार्ट क्रमांक, बसवल्याची तारीख व स्लॉटचा नकाशा सर्व्हरच्या नोंदवहीत त्याच दिवशी भरावा.